खाली टेकवू नकोस

४ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

तुला, आईला आणि तुझ्या मशीनला नमस्कार.

पत्र बघून आई घाबरेल, म्हणून आधीच सांगते: मी बरी आहे, वेळेवर जेवते आहे, खोकला गेला आहे. आईला वाचून दाखवताना हे वाक्य दोनदा वाच.

मी दर रविवारी फोन करते, तो तूच उचलतेस, "आईला देते" म्हणतेस आणि देऊन टाकतेस. त्या दोन शब्दांत मला जे विचारायचं आहे ते मावत नाही. म्हणून पत्र. हेही तू आईला देशील, पण आधी तुलाच वाचावं लागेल, कारण तिला बारीक अक्षर लागत नाही.

मी इथे नेमकं काय करते ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. एक खोली आहे. भिंतींना जाड गालिचे, दाराला चहूबाजूंनी रबर. दार लावलं की कानात बोटं घातल्यासारखं होतं. वाचणाऱ्यासमोर माइक, आणि पडद्यामागे मी आणि काका. काका म्हणजे आमचे रेकॉर्डिस्ट. तीस वर्षं हेच काम करतात. ऐकताना डोळे मिटतात, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं झोपले. परवा एक पाहुणे हळूच मला म्हणाले, "त्यांना उठवू नका, मी नंतर येतो." काका डोळे न उघडता म्हणाले, "तुमच्या डाव्या बुटाचा तळ सुटलाय, तेवढा बघा." तो खरंच सुटला होता.

पूर्वी आमच्यासाठी काचेपलीकडे वेगळी खोली होती. तिचं छप्पर गळायला लागलं, वायरी भिजल्या, आणि आम्ही संगणकासकट वाचणाऱ्याच्या खोलीत आलो. तिथेच सगळी गोम आहे.

सध्या भूगोलाच्या बाई वाचायला येतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, बारीक, ताठ. पुस्तक समुद्रांवरचं आहे, सव्वीस प्रकरणांचं. ताई, त्यांचा आवाज मोठा नाही, गोडही नाही. पण त्या "खाडी" म्हणाल्या की पाणी खरंच जमिनीत शिरतंय असं वाटतं. मी शाळेत जगाचा नकाशा पाठ केला होता. आता पहिल्यांदाच वाटलं की तो ओला आहे.

बाईंच्या घशात गाठ आहे. वीस तारखेला ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार, म्हणजे त्यानंतर आवाज नाही. हे त्यांनी पहिल्याच दिवशी, वर्गात सहामाहीची तारीख सांगावी तसं सांगितलं. डॉक्टरांनी सतरा तारखेपर्यंत, मधला एक तपासण्यांचा दिवस सोडून, रोज दोन-अडीच तास बोलायची परवानगी दिली आहे, तेवढ्यात तीन प्रकरणं होतात. हिशेब जेमतेम बसतो.

आणि पहिली चार प्रकरणं काकांनी नापास केली. बाईंमुळे नाही, संगणकामुळे. त्यात हार्ड डिस्क असतात, ज्यांच्यावर आवाज साठवला जातो. त्या चालू असल्या की एक बारीक, एकसुरी घुमणारा आवाज येतो. आपल्याला नुसत्या कानांनी कळत नाही, पण माइक आपल्यासारखा सोशिक नाही. बाईंनी हेडफोन लावून स्वतःचं वाचन ऐकलं आणि विचारलं, "मागच्या बाकावर कोण गुणगुणतंय?"

काका हसले. मी उगाचच चपापले.

आवाज पुसायची सोय संगणकात आहे. पण ती घुमणं पुसताना बाईंच्या आवाजातलंही काहीतरी घेऊन जाते. शब्द उरतात, पण बाई बादलीत तोंड घालून बोलल्यासारख्या वाटतात. नव्या, अजिबात आवाज न करणाऱ्या डिस्क मिळतात. संस्थेने त्यासाठी अर्ज केला आहे. अर्ज कुठल्यातरी टेबलावर शांत पडून आहे. या सगळ्या प्रकरणात शांत तेवढा तोच.

राग येत नाही मला त्या डिस्कचा, हे खरं सांगते. काकांनी एक मेलेली डिस्क उघडून दाखवली. आत आरशासारखी चकती, इतकी लख्ख की माझं तोंड दिसलं. ती सेकंदाला एकशे वीस वेळा फिरते. एकशे वीस, ताई. आणि तिच्यावर सुईसारखा एक हात तरंगतो, चकतीला न टेकता. मधलं अंतर किती, तर केसाच्या जाडीचे हजारो भाग करावेत आणि त्यातला एक घ्यावा. तेवढ्या फटीतून बाईंचा समुद्र जातो आणि राहतो. मला तुझ्या शिवणाच्या मशीनची सुई आठवली. कापडाच्या काठावरून एक दोरा न सोडता जाणारी. लहानपणी मी तासन्‌तास बघत बसायचे, तशीच या डिस्कसमोर बसले.

तर विचारायचं ते हे. खालच्या मजल्यावरचे आजोबा आजारी होते तेव्हा तुझ्या मशीनचा आवाज त्यांच्या छतातून उतरायचा. तू काहीतरी केलंस आणि तो थांबला. काय केलं होतंस? पायांखाली काही घातलं होतंस का?

तोवर मी माझं डोकं चालवते आहे. लाकडी खोका केला आहे, आत फोम आणि जुनं ब्लँकेट. स्टुडिओतल्या डिस्क म्हाताऱ्या आहेत, फार बोलतात, म्हणून त्या बंद करून माझी कॉलेजातली डिस्क लावते आहे. ती त्यातल्या त्यात मवाळ आहे. तिच्यावर माझं कॉलेजातलं सगळं अजून आहे, तो 'घरातले आवाज' नावाचा प्रकल्पसुद्धा. तुझ्या मशीनचा. असो.

एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझी,
पदवीबाई
(हे नाव तूच ठेवलं होतंस. हल्ली हाक मारत नाहीस, म्हणून विसरू नये यासाठी मीच लिहिते.)


१० फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

आईची गुडघेदुखी कशी आहे? शेक घेते का, की "घेतला" असं नुसतं सांगते? तू लक्ष ठेव.

पार्सल मिळालं. एका ओळीत कळव म्हटलं तर तू खरंच एकच ओळ पाठवलीस. "खाली टेकवू नकोस. टांगून ठेव." ना ताईचं नाव, ना पदवीबाईचं. आणि इलास्टिकचं अख्खं रीळ, निळ्या कापडाच्या तुकड्यात बांधलेलं. तो तुकडा माझ्या शाळेच्या गणवेशाचा आहे ना? मी ओळखला.

पण ते पोचायच्या आधी इथे जे झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर तुला वाटेल मी तुझ्या सल्ल्याची वाटच पाहिली नाही. खरं म्हणजे नाहीच पाहिली.

गुरुवारी खोका लावला. डिस्क आत, भोवती फोम, वरून ब्लँकेट, झाकण बंद. काकांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, आणि पाच मिनिटं ऐकत राहिले. मग हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

कसं सांगू तुला. मी आजवर ज्याला शांतता म्हणत होते ती शांतता नव्हतीच. पडदा बाजूला झाल्यासारखं झालं. बाईंनी पान उलटलं तर कागद कागदापासून सुटताना ऐकू आला. बोलण्याआधी ओठ विलग झाले ते ऐकू आलं. एक बारीक टिकटिक येत होती, ती कसली म्हणून आम्ही शोधत बसलो, तर बाईंच्या मनगटावरचं घड्याळ. ते काढून माझ्या पिशवीत, रुमालात गुंडाळून ठेवलं. बाई म्हणाल्या, "पस्तीस वर्षं मी वर्गाला शांत बसवत आले. एवढं यश कधी आलं नव्हतं."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पहिल्यापासून सुरू करून नऊ प्रकरणं झाली. मी हवेत होते. शनिवारी नववं संपलं, बाई घरी गेल्या, आणि खोक्यातून आवाज आला: टक्. टक्. टक्.

झाकण काढलं तर इस्त्री तोंडाजवळ आणावी तशी वाफ आली. ताई, मी आवाज अडवायचा म्हणून हवाही अडवली होती. डिस्क तीन दिवस आतल्या आत भाजत होती आणि मी बाहेर तिच्या गप्प बसण्याचं कौतुक करत होते.

आमच्या कामातला पहिला धडा असतो: एक आवाज दोन ठिकाणी ठेवावा. तो मला पाठ आहे. पण दुसऱ्या ठिकाणी ठेवायचं म्हणजे दुसरी डिस्क चालू करायची, आणि दुसरी डिस्क चालू केली की ती घुमणार. शांतता मोडू नये म्हणून मी ती संध्याकाळीसुद्धा लावली नाही. सोमवारी लावू म्हटलं. नऊ प्रकरणं एकाच ठिकाणी होती, आणि ते ठिकाण मी ब्लँकेटात गुंडाळलं होतं.

काकांनी डोळे मिटले.

"काका, काहीतरी बोला," मी म्हटलं.

"बोलत होती तोवर ठीक होती गं ती," ते म्हणाले. एवढंच.

रविवारी फोनवर आईने विचारलं, आवाज असा का येतोय, तर मी सर्दी म्हटलं. ती सर्दी नव्हती.

सोमवारी सकाळी बाईंना मीच सांगायचं ठरवलं. दारातच सांगितलं, त्यांची चप्पलसुद्धा निघाली नव्हती. त्यांनी पिशवीतून डायरी काढली, बोटाने दिवस मोजले.

"नऊ प्रकरणं म्हणजे तीन दिवस. ते माझ्याकडे नाहीत. म्हणजे शेवटची पाच राहणार. ती कोण वाचणार? तू?"

मी ओढणीने डोळे पुसले.

"रडणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभी करत असे," त्या म्हणाल्या. "पण तू बाहेर गेलीस तर डिस्ककडे कोण बघणार? तोंड धू आणि ये."

तोंड धुऊन आले तर टेबलावर तुझं पार्सल होतं.

तुझी ओळ वाचली आणि आठवलं. तू मशीनच्या पायांखाली काहीच घातलं नव्हतंस. आधी चिंध्या घालून पाहिल्या होत्यास, त्यांनी काही झालं नव्हतं. मग तू मशीनचा डोक्याकडचा भाग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टेबलाच्या चौकटीत झोपाळ्यासारखा बसवलास. सगळे हसलो होतो तुला. आजोबांना मात्र त्या दुपारी झोप लागली.

काकांना ओळ दाखवली. त्यांनी संस्थेची एक जुनी डिस्क चालू केली आणि मला टेबलाला कान लावायला सांगितला. टेबल घुमत होतं. मग त्यांनी डिस्क नुसती हातात उचलून धरली. टेबल गप्प. पुन्हा ठेवली, पुन्हा घुमायला लागलं. तो आवाज हवेतून फारसा जातच नव्हता. डिस्कमधून पेटीत, पेटीतून टेबलात, टेबलातून जमिनीत, जमिनीतून माइकच्या दांड्यात. चोरपावलांनी. आणि मी त्याला हवेत अडवायला खोका बांधला होता.

रिकाम्या पेटीत इलास्टिकचे चार फेरे आडवे, चार उभे, आणि मधोमध डिस्क. कशालाच टेकलेली नाही. चारी बाजूंनी वारा. हात लावला तर गार, आणि मांजराचं पोट लागावं तशी थरथर. हेडफोनमध्ये काही नाही. अगदी काही नाही.

काका म्हणाले, "विज्ञानाची पदवी घेतली आणि शेवटी पायजम्याचं इलास्टिक कामाला आलं."

बाईंनी विचारलं, "हिची ताई किती शिकली आहे?"

मी म्हटलं, "नववीपर्यंत. पुढे मला शिकवलं."

बाईंनी डायरीत काहीतरी लिहून घेतलं.

मग काका म्हणाले, ती भाजलेली डिस्क दोन दिवसांत पुरती थंड झाली असेल, तिलाही टांगू, एकदा फिरेल. किती वेळ ते तिलाच ठाऊक. ती तुझ्या इलास्टिकवर टांगली, समोर पंखा लावला, आणि चालू केली.

फिरली, ताई.

मी एकेक प्रकरण दुसरीकडे घ्यायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. बाई पडद्याच्या काठाला धरून उभ्या होत्या. बारा मिनिटं चालली ती. एवढी होरपळलेली, तरी तिचा तो सुईसारखा हात हजारो भागांतल्या एका भागाएवढ्या फटीवर तरंगत राहिला आणि एकेक लाट काढून देत राहिला. मग टक् टक् झालं आणि थांबली. आता कायमची.

बाईंची नऊच्या नऊ प्रकरणं मिळाली. माझ्या एक-दोन जुन्या फाइली राहिल्या. त्याचं विशेष काही नाही.

आज दहावं प्रकरण झालं. अकरावं, बारावंही. त्यांच्यासाठी दुसरी डिस्कसुद्धा टांगली आहे, रोज दोन ठिकाणी ठेवते. खोलीत तुझं इलास्टिक आणि बाईंचा आवाज, दोनच गोष्टी आहेत.

तुझे उपकार कसे फेडू, असं लिहिणार होते. पण तू ते वाचून नाक मुरडशील.

तुझी,
पदवीबाई


१८ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय ताई,

आईला सांग, पत्रात विशेष काही नाही, मजेत आहे. मग हे पत्र घेऊन गच्चीवर जा. हे वाचून दाखवायचं नाही.

काल सव्विसावं प्रकरण झालं. शेवटी शेवटी बाईंचा आवाज खरखरायला लागला होता. त्या दर पानाला पाणी प्यायच्या आणि घोट उतरेपर्यंत थांबायच्या. शेवटचं प्रकरण समुद्राच्या तळावर आहे, जिथे उजेड पोचत नाही. तिथे तो खरखरीत आवाज इतका बरोबर वाटला की काकांनी डोळे उघडले. मी त्यांना रेकॉर्डिंग चालू असताना डोळे उघडताना पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. वाचून संपलं की एक मिनिट कुणी हलायचं नाही. खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. पुढे कुठे तुकडे जोडायचे झाले तर तीच शांतता मधे लावतात, कारण प्रत्येक खोलीची वेगळी असते. काल शेवटचं वाक्य झालं, बाईंनी पुस्तक मिटलं आणि मिनिट सुरू झालं. त्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. पंचवीस वेळा आम्ही हे केलं होतं, पण काल मला त्या शांततेत बाई ऐकू आल्या. न बोलणाऱ्या बाई. श्वास, साडीची किंचित सळसळ, आणि त्याच्याही मागे काहीतरी, ज्याला मला नाव देता येत नाही. माणूस बसलेला आहे एवढंच सांगणारं. वीस तारखेनंतर त्या अशाच असणार. आणि ते काही कमी नव्हतं. एवढं मोठं काहीतरी माझ्या कानांना कधी लागलं नव्हतं.

मिनिट संपलं. बाई म्हणाल्या, "सुटली शाळा."

मी त्यांचं घड्याळ रुमालातून काढून दिलं. ते मनगटावर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "त्या जळक्या डिस्कवर तुझं काय गेलं गं?"

"जुन्या फाइली."

"नऊ प्रकरणं आल्यावर सगळे हसत होते. तू स्क्रीनकडे बघत होतीस. पस्तीस वर्षं मुलींचे चेहरे बघितलेत मी. काय होतं?"

त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तिला माहीत आहे?" मी म्हटलं, दोन पत्रं लिहिली, त्यात नाही लिहिलं. "मग काय लिहिलंस दोन पत्रांत? हवामान?"

म्हणून हे तिसरं.

ताई, 'घरातले आवाज' मी दोन वेळा रेकॉर्ड केलं होतं. कॉलेजचा माइक पहिल्यांदा घरी आणला होता, तो जणू माझाच असल्यासारखी मिरवत होते. तुझ्या मशीनजवळ लावला, तुला सांगितलंही नाही कधी सुरू करते आहे. एकोणीस मिनिटं. आणि तू नेहमीसारखी गात होतीस. शब्द नाहीत, नुसते सूर, तू काम करताना गायचीस तसे.

मी ते ऐकलं आणि बाहेर आले. शेजारच्या दोघी माप द्यायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "तुझ्या गाण्याने सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं. मला मशीन हवंय. मशीनला बोलू दे, तू गप्प बस."

तू दोरा दाताने तोडलास. "बरं" म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड केलं. नुसतं मशीन. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तू आईला घेऊन आली होतीस, तिसऱ्या रांगेत बसली होतीस. सभागृहात तुझं मशीन एवढ्या मोठ्याने वाजलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण घरी आलो. त्या दिवसापासून आपल्या घरात फक्त मशीन वाजतं. मला हे कळायला वर्ष लागलं. कळल्यावर विचारायचं धैर्य झालं नाही. तू कधी काही म्हटलं नाहीस, आणि तू काही म्हटलं नाहीस याचाच मी आसरा घेतला.

पण ते पहिलं, 'वाया गेलेलं' रेकॉर्डिंग मी पुसलं नव्हतं. हे तुला माहीत नाही. इथे आल्यावर, खोलीत एकटी असताना एकदा ऐकलं. नीट, काकांसारखे डोळे मिटून. चौथ्या मिनिटाला तू मशीनच्या सुराशी सूर लावला आहेस. मग कापडाचा कोपरा येतो, मशीन मंद होतं, तुझं गाणं मंद होतं. मला वाटलं तू मशीनला धरून गातेस. पुन्हा ऐकलं. तसं नव्हतं. आधी गाणं मंद होत होतं, मग पाय. मशीन तुझ्यामागून चाललं होतं, ताई. मी म्हटलं होतं तू मधे येतेस. ते सगळं तुझ्या गाण्यावर शिवलं जात होतं: माझा गणवेश, शेजारच्यांची पोलकी, माझी फी. त्या दिवशी फोन करायला हवा होता. केला नाही. रविवारी केला, आणि तू आईला दिलास.

ते रेकॉर्डिंग त्या डिस्कवर होतं. दुसरीकडे कुठेच नव्हतं.

त्या सोमवारी डिस्क फिरली तेव्हा स्क्रीनवर सगळ्यात वर तीच फाइल होती. लहान होती. चाळीस सेकंदांचं काम. माझं बोट तिच्यावर होतं. मागे बाई पडद्याला धरून उभ्या. मला वाटलं, चाळीस सेकंद, कुणाला कळणारही नाही. आणि मग वाटलं, ही चाळीसच सेकंद फिरली तर? बाईंना पुन्हा वाचता येणार नाही. तुला पुन्हा गाता येईल.

येईल ना?

मी प्रकरणं घेतली. पहिल्यापासून नवव्यापर्यंत. मी तेव्हा चुकले असं मला वाटत नाही, आणि तरी तुझी माफी मागते, कारण तुझा आवाज मी दुसऱ्यांदा बाजूला सारला. पहिल्या वेळेची माफी तर मागायचीच राहिली आहे. ती या कागदावर मागते. मी जे बोलले ते चूक होतं, ज्यांच्यासमोर बोलले ते चूक होतं, आणि गप्प राहिले ते सगळ्यात जास्त चूक होतं.

नववं झाल्यावर डिस्क अजून फिरत होती. तुझी फाइल घेतली. ती यायला लागली, आणि टक् टक् झालं.

सहा सेकंद आले आहेत.

काल बाईंना ते मोठ्या स्पीकरवर ऐकवले. चार सेकंद मशीन आहे. मग तू पाय थांबवतेस, चाक थोडं फिरून थांबतं. मग तू श्वास घेतेस. आणि संपतं.

बाईंनी पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर म्हणाल्या, "हा गाणाऱ्याचा श्वास आहे. बोलणारा एवढा घेत नाही." काकांनी डोळे मिटूनच मान हलवली. त्या खोलीत, भिंतींना गालिचे, डिस्क तुझ्या इलास्टिकवर तरंगणाऱ्या, कुठे काही घुमत नाही, आणि मधोमध तुझा एक श्वास. आम्ही तिघं त्याच्यासमोर उभे होतो. काकांनी ते सहा सेकंद तीन ठिकाणी ठेवले. आमच्यात दोनच ठिकाणी ठेवायची पद्धत आहे.

रविवारी ही खोली रिकामी असते. मी काकांना विचारलं आहे, ते किल्ली देणार आहेत. तू येशील का? मशीन आणायची गरज नाही. आणायचंच म्हणालीस तर तेही टांगू, इलास्टिक उरलं आहे. गायचं नसेल तर गाऊ नकोस, नुसती बसून जा. एक मिनिट मी तुझी शांतता रेकॉर्ड करीन.

नाही आलीस तरी मी रविवारी फोन करीन, नेहमीच्या वेळेला. तू उचलशील. "आईला देते" म्हणण्याआधी तू श्वास घेतेस, तो मला आता ऐकू येतो. त्याच्या पुढचं माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे.

मशीनला काय बोलायचं ते बोलू दे. आता मी गप्प बसते.

तुझी,
ऐकत असलेली
पदवीबाई